तरुण मुलांच्या संदेशांतील इमोजींच्या जोड्या : अर्थ कसा लावायचा?

धंतोलीकर :
मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. बारावीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना टाकण्याचे काम माझ्याकडे आहे. 'उद्या सकाळी आठ वाजता प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासल्या जातील, अपूर्ण वही स्वीकारली जाणार नाही,' अशी सूचना नुकतीच टाकली, तेव्हा आलेली उत्तरे क्रमाने अशी होती : 💀, त्यानंतर 😭🙏, मग 🫡, मग 💔🥀 आणि शेवटी एकच 👍. एकाही उत्तरात अक्षर नव्हते.

सुटे चिन्ह समोर आले तर त्याचा अर्थ मला साधारणपणे लागतो, परंतु दोन चिन्हे शेजारी बसली की मिळून जे काही होते, ते माझ्या आवाक्याबाहेर जाते. रडणारा चेहरा आणि जोडलेले हात पाहून एखाद्याच्या घरी दुःखद घटना घडली असावी असे वाटते, प्रत्यक्षात मात्र त्या संदेशाखाली इतर मुले हसत असतात. माझा प्रश्न असा की, या जोड्यांचे अर्थ सर्व तरुणांत ठरलेले आहेत, की प्रत्येक गट आपापले अर्थ लावतो? माझे मत विचाराल तर यात काहीतरी नियम असला पाहिजे, कारण ही मुले एकमेकांना अर्थ विचारताना मला कधीच दिसत नाहीत.

महालचा_वाडा :
नियम वगैरे काही नाही, हा निव्वळ आळस आहे. आंतरदेशीय पत्रात जागा कमी असे, म्हणून आम्ही कडेच्या समासातही लिहीत असू, परंतु शब्दच लिहीत असू. ज्यांना वाटेल तितके लिहिण्याची मुभा आहे, त्यांनी कवटी काढून मोकळे व्हावे, याला भाषा म्हणणे मला जमणार नाही.

गिट्टीखदान_चौक :
वाडा काका, आपला आजचा 'सुप्रभात' मी आत्ताच पाहिला. त्यात उगवता सूर्य, वाफाळता चहा, तीन गुलाब आणि जोडलेल्या हातांच्या दोन जोड्या होत्या, शब्द मात्र एकच होता.

तर्रीवाली :
सर, मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे तुमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मीही थोडी जुनीच झाले आहे, तरी तुम्ही दिलेली पाचही उत्तरे मला वाचता येतात.

कवटी म्हणजे 'मेलो'. बहुतेक वेळा हसून मेलो, कारण हसून डोळ्यांत पाणी आलेला 😂 हा चेहरा आता आम्ही आईवडिलांच्या पिढीकडे सोपवला आहे. तुमच्या गटात मात्र तिचा अर्थ 'संपलो, वही कोरी आहे' असा घ्यावा. 😭 हे चिन्ह आम्ही रडण्यासाठी क्वचितच वापरतो. हसू आवरत नाही, कोणाचे फार कौतुक वाटते, परिस्थितीपुढे हात टेकले, या सगळ्यांसाठी तेच धावून येते. त्यापुढे जोडलेले हात आले की त्यात विनवणी मिसळते, पण ती सर ऐकणार नाहीत हे गृहीत धरून केलेली विनवणी असते. 🫡 म्हणजे 'आज्ञा शिरसावंद्य', आणि त्याच्या पोटात 'इलाज नाही' असे दडलेले असते. मोडलेले हृदय आणि कोमेजलेले फूल ही जोडी २०२५ मध्ये एकाएकी सगळीकडे पसरली. ती खोट्या शोकाची आहे, म्हणजे मित्राला परीक्षेत तीन गुण पडले किंवा पोहे घ्यायला गेलो आणि तर्री संपलेली निघाली, अशा प्रसंगांची. ज्याचे मन खरोखर मोडले आहे, तो ही जोडी टाकणार नाही. राहिला अंगठा. तो ज्याने पाठवला, त्याची वही पूर्ण आहे.

तुमच्या मूळ प्रश्नापुरते सांगायचे तर, माझ्या निरीक्षणानुसार पहिले चिन्ह काय वाटले ते सांगते आणि दुसरे चिन्ह ते कितपत खरे मानायचे ते सांगते. म्हणून उलट क्रमाने पाठवलेली जोडी चुकीची ठरली नाही, तरी ऐकायला परकी वाटते.

धंतोलीकर :
वह्या तपासून झाल्या आहेत. अंगठा पाठवणाऱ्याचीच वही पूर्ण निघाली, त्यामुळे तुमच्या वाचनशक्तीबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. दुसरे चिन्ह पहिल्याचे वजन ठरवते, हा नियम मला पटतो, परंतु तो सर्वच जोड्यांना लागू होतो का? 👉👈 यात कोणते चिन्ह कोणाचे वजन ठरवते?

खामला_कोडवाला :
जोडी हा प्रकार दोन पातळ्यांवर घडतो, हे आधी वेगळे केले पाहिजे. पहिली पातळी यंत्राची आहे. पट्टी बांधलेले हृदय ❤️‍🩹 आपल्याला एकच चिन्ह दिसते, पण फोनच्या दृष्टीने ते लाल हृदय, मध्ये एक अदृश्य जोडक आणि मग मलमपट्टी असे असते. जुन्या फोनवर तेच चिन्ह उघडले तर हृदय आणि पट्टी शेजारी शेजारी सुटी दिसतात. गंमत अशी की हाच अदृश्य जोडक आपण देवनागरीतही वापरतो. 'क्ष' या जोडाक्षराऐवजी अर्धा क आणि ष असे वेगळे दाखवायचे असतील, तेव्हा तोच मध्ये बसवावा लागतो. दुसरी पातळी माणसांची आहे आणि तर्रीवाली ताई बोलत आहेत ती हीच. तिथे फोनला काहीच ठाऊक नसते, जोडी केवळ वाचणाऱ्याच्या डोक्यात जुळते.

थोडा इतिहासही सांगतो, कारण अर्थ निसटण्याचे मूळ त्यात आहे. शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीसाठी १७६ चिन्हे काढली, प्रत्येक चिन्ह १२ बाय १२ ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेले. तीच पहिली इमोजी असे सर्रास लिहिले जाते. वस्तुतः १९९७ मध्येच जे-फोन या दुसऱ्या जपानी कंपनीच्या एका फोनवर ९० चिन्हे उपलब्ध होती. २०१० मध्ये युनिकोडने, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाने, इमोजींना सामावून घेतले, तेव्हा जपानी चित्रकथांचे संकेतही त्यांच्यासोबत जगभर गेले. नाकाशी थेंब असलेला 😪 हा चेहरा आपल्याकडे दुःखासाठी वापरला जातो, पण तो थेंब अश्रू नसून झोपलेल्या माणसाच्या नाकातून येणारा फुगा आहे. नाकातून वाफ सोडणाऱ्या 😤 चेहऱ्याला आपण रागीट समजतो, त्याचे अधिकृत इंग्रजी नाव मात्र विजयाची मुद्रा दाखवणारा चेहरा अशा अर्थाचे आहे.

शिवाय युनिकोड फक्त क्रमांक आणि नाव ठरवते, चित्र प्रत्येक कंपनी आपापले काढते. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये हे तपासले, तेव्हा अगदी एकच चित्र पाहूनही चारांपैकी एका वेळी लोकांचे एकमत झाले नाही, आणि मतभेद छटेचा नसून भावना चांगली, वाईट की तटस्थ इथपासूनचा होता. हे एकेका चिन्हाचे झाले. जोडीचे काय होत असेल, याचा अंदाज करावा.

गिट्टीखदान_चौक :
🤓☝️

खामला_कोडवाला :
याचा अर्थ मी विद्वान आहे असा होतो, असे समजून मी आभार मानतो.

तर्रीवाली :
दादा, आभार मागे घ्या. चष्मेवाला चेहरा आणि वर केलेले बोट यांचा अर्थ 'कोणी न विचारता वस्तुतः म्हणून सुरुवात करणारा माणूस' असा आहे, आणि आपण खरोखरच 'वस्तुतः' लिहिले आहे.

पण सरांच्या प्रश्नाचे उत्तर याच जोडीत आहे. इथे बोट त्या चेहऱ्याचेच आहे, म्हणजे दोन चिन्हे मिळून एका माणसाचे चित्र तयार झाले. 👉👈 हेही तसेच आहे. दोन्ही हातांची बोटे एकमेकांना टेकवत, खाली मान घालून काहीतरी मागणाऱ्या माणसाचे ते चित्र आहे, आणि सहसा त्याच्याजवळ 🥺 हा डबडबलेल्या डोळ्यांचा चेहरा असतो. दोन डोळ्यांच्या मध्ये ओठ 👁👄👁 लिहिले की बघतच राहिलेला चेहरा होतो. तेव्हा काही जोड्या चित्र काढतात आणि काही सूर लावतात, असे दोन भाग मी करीन. चित्राच्या जोड्या नवख्या माणसालाही थोडा वेळ पाहिल्यावर उमगतात. घोटाळा होतो तो सुराच्या जोड्यांत.

सावनेरचा_पाहुणा :
सुराचे म्हणाल तर ते आपल्या बोलीतील 'बाप्पा' या उद्गारासारखे आहे. 'आला बाप्पा' यात सुटका आहे की वैताग, हे म्हणणाऱ्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही, तरी नागपुरात कोणी त्याचा अर्थ विचारत बसत नाही.

रामटेककर :
प्रदेशानुसार अर्थ कसे एकमेकांवर आदळतात, याचे एक उदाहरण देतो. आमच्या नात्यातील मुलाचा साखरपुडा झाला आणि त्याने दोघांचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले. त्याखाली आमच्या एका काकांनी 'अभिनंदन 🚩🚩🚩' असे लिहिले. काका गेली अनेक वर्षे प्रत्येक संदेशाच्या शेवटी हाच ध्वज लावतात, कारण त्यांच्यासाठी आणि महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या माणसांसाठी तो भगवा आहे, 'जय शिवराय' आणि 'राम कृष्ण हरी' यांच्या सोबतचा. मुलीच्या मैत्रिणींनी मात्र तो धोक्याचा इशारा म्हणून वाचला, कारण २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ट्विटरवर जी लाट आली होती, तेव्हापासून जोडीदाराच्या वागण्यातील खटकणाऱ्या गोष्टीपुढे हे निशाण लावण्याची पद्धत रुळली आहे. मुलीकडून हळूच विचारणा झाली की, काकांना मुलाबद्दल असे काय ठाऊक आहे? काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले की ध्वज बदलणार नाही, वाचणाऱ्यांनी डोळे बदलावेत. साखरपुडा टिकला आहे.

लक्ष्मीनगरची_सई :
हृदयाच्या रंगांचेही तेच आहे. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला माझ्या फोनवर निळ्या हृदयांचा पूर येतो, आणि नागपुरात 💙 म्हणजे 'जय भीम' हे शाळकरी मुलालाही समजावून सांगावे लागत नाही. दीक्षाभूमीवर काढलेल्या छायाचित्राखाली मी निळे हृदय आणि जोडलेले हात टाकले, तेव्हा कार्यालयातील दुसऱ्या राज्यातील सहकाऱ्याने आज भारताचा क्रिकेट सामना आहे का असे विचारले. त्याचेही चुकले नाही, कारण त्याच्या ओळखीत निळे हृदय संघाच्या गणवेशाचे आहे. इथे जोडीने अर्थ बदलला नाही, फोटोने बदलला.

काटोल_नाका :
वितळणारा चेहरा 🫠 इतर शहरांत संकोचासाठी किंवा हताशपणासाठी वापरतात. नागपुरात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातील सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू असताना तो हवामानखात्याचा अहवाल समजावा.

संत्राबर्फी :
सगळे गमतीत चालले आहे म्हणून थोडे गंभीर विचारते. माझा मुलगा नववीत आहे. पालकांच्या गटावर वरचेवर 'सावधान, या इमोजींचे छुपे अर्थ' असे तक्ते येतात. त्यात वांगे आणि पीच यांचे लैंगिक अर्थ तर आता सर्वांना ठाऊक आहेत, पण त्याखाली पंचवीस-तीस चिन्हे अमली पदार्थांची म्हणून दिलेली असतात आणि त्यांत पानापासून विमानापर्यंत काहीही असते. त्या तक्त्याप्रमाणे पाहिले तर माझ्या सासूबाईंवरही संशय घ्यावा लागेल. अशा तक्त्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

शालेय_समुपदेशक :
संत्राबर्फी ताई, तक्ता खोटा असतो असे नाही, परंतु तो घेऊन मुलाचा फोन तपासायला बसणे निरुपयोगी आहे, कारण त्यातील प्रत्येक चिन्ह रोज साध्या अर्थानेही वापरले जाते. २०२५ मध्ये एका ब्रिटिश मालिकेमुळे लाल गोळी, राजम्याचा दाणा आणि शंभराचा आकडा यांचे स्त्रीद्वेषी गटांतील अर्थ जगभर चर्चेत आले, आणि त्यानंतर काही पालक मुलाने मित्राच्या शतकाला 💯 दिले तरी घाबरून माझ्याकडे येऊ लागले.

मी तीन गोष्टी पाहायला सांगतो. मुलाची एकूण वागणूक बदलली आहे का, म्हणजे झोप, जेवण, शाळेत जाण्याची इच्छा. एकाच मुलाच्या किंवा मुलीच्या छायाचित्राखाली अनेकजण तेच चिन्ह ठरवून टाकत आहेत का. आणि अनोळखी मोठी व्यक्ती मुलाशी अशा चिन्हांतून बोलते आहे का. यातील दुसरी बाब पालकांच्या नजरेतून निसटते. एखाद्या मुलीच्या प्रत्येक छायाचित्राखाली वर्गातील दहा जणांनी साप 🐍 किंवा विदूषक 🤡 टाकला, तर त्यात एकही अपशब्द नसतो, तक्रार करायला काही सापडत नाही, आणि तरी तो छळच असतो. मुलीने हे घरी दाखवले तर 'चित्रच तर आहे' असे म्हणू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

संत्राबर्फी :
विदूषकाचा अर्थ मी उलट समजत होते. मुलगा स्वतःबद्दल लिहिताना तो लावतो.

तर्रीवाली :
स्वतःला लावला तर 'मीच मूर्ख ठरलो', दुसऱ्याला लावला तर 'तू मूर्ख आहेस'. पहिला प्रकार विनोद असतो आणि दुसरा क्वचितच. समुपदेशक दादांनी जे सांगितले ते माझ्या शाळेत घडलेले आहे, फक्त आमच्या वेळी साप होता.

सिव्हिल_लाइन्स_वकील :
अर्थाचा निवाडा करण्याची वेळ आता न्यायालयांवरही येते. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात एका खरेदीदाराने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचे छायाचित्र पाठवले आणि तो मान्य असल्याचे कळवण्यास सांगितले. शेतकऱ्याने 👍 पाठवला. पुढे जवसाचे भाव चढले आणि माल आला नाही. 'करार मिळाला, एवढेच मला म्हणायचे होते,' हा शेतकऱ्याचा बचाव न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळला, अंगठ्याला स्वाक्षरीचे मोल दिले आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून अधिक भरपाई देण्यास सांगितले. त्या दोघांत पूर्वीचे व्यवहार 'ठीक आहे' अशा एक-दोन शब्दांच्या उत्तरांवर झालेले होते, ही बाब त्यात महत्त्वाची ठरली.

आपल्याकडे २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे याच चिन्हाचा प्रश्न वेगळ्या रूपात आला. रेल्वे सुरक्षा दलातील एका जवानाने वरिष्ठाच्या हत्येविषयीच्या संदेशाला अंगठा दिला होता आणि त्यामुळे त्याची नोकरी गेली होती. तो अंगठा म्हणजे हत्येचा आनंद नसून 'संदेश पाहिला' एवढाच त्याचा अर्थ होऊ शकतो, असे मानून न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला.

एकाच चिन्हाला एके ठिकाणी 'मान्य' आणि दुसऱ्या ठिकाणी 'पाहिले' असे वाचले गेले, आणि दोन्ही वेळा निर्णय चिन्हावर नव्हे तर आधीच्या संभाषणावर व परिस्थितीवर झाला. सर, आपल्या वह्यांच्या सूचनेला आलेल्या अंगठ्याबाबत कोणी न्यायालयात गेल्यास मी उपलब्ध आहे.

महालचा_वाडा :
वकीलसाहेबांनी माझेच म्हणणे सिद्ध केले. 'मान्य आहे' असे दोन शब्द लिहिले असते तर ८२ हजार डॉलरचा वादच उद्भवला नसता. आणि सुप्रभाताविषयी ज्यांनी लिहिले, त्यांना सांगतो की माझ्या गुलाबाचा अर्थ गुलाब असा असतो.

स्पर्शरेषा :
मी दृष्टिहीन आहे आणि हा धागा फोनकडून वाचून घेत आहे, त्यामुळे माझा अनुभव थोडा निराळा आहे. फोन प्रत्येक चिन्हाचे अधिकृत नाव उच्चारतो. तुम्हाला जे 😭🙏 दिसते, ते मला 'मोठ्याने रडणारा चेहरा, जोडलेले हात' असे एकाच कोरड्या आवाजात ऐकू येते. माझी पुतणी बारावीला आहे. तिच्या संदेशांत पूर्वी कोणीतरी सतत रडत आणि मरत असे, म्हणून तिनेच मला शिकवले की नावापेक्षा जोडी ऐकायची. आता 'कवटी' हा शब्द ऐकला की मला हसू येते, हे बाजूला बसलेल्या माणसाला विचित्र वाटत असणार.

अडचण संख्येची आहे. विनोद फार आवडला म्हणून कोणी बारा कवट्या पाठवल्या, तर मला 'कवटी' बारा वेळा ऐकावी लागते. वाक्याच्या प्रत्येक शब्दानंतर टाळी देण्याची पद्धत त्याहून वाईट आहे, कारण त्यात वाक्यच हरवते. खामलावाल्यांच्या लेखनात चिन्हे ज्या नावापाशी हवीत तिथेच आल्यामुळे मला नीट समजली, याबद्दल चष्मेवाल्या चेहऱ्याविनाच त्यांचे आभार.

धंतोलीकर :
मी प्रश्न विचारला तेव्हा उत्तर म्हणून एखादा तक्ता मिळेल अशी अपेक्षा होती. आता असे दिसते की चित्राच्या जोड्यांपुरता तक्ता करता येईल आणि तो बराच काळ टिकेल. सुराच्या जोड्यांचा तक्ता छापून होईपर्यंत शिळा होईल, कारण त्यांचा अर्थ कोणी, कोणाला आणि कशानंतर पाठवले यावर अवलंबून आहे, आणि मोठी माणसे त्या वापरू लागली की मुले त्या सोडून देतात. मुले एकमेकांना अर्थ का विचारत नाहीत, याचेही उत्तर मिळाले, ती आधीचे संभाषण वाचून आलेली असतात आणि मी फक्त शेवटचे दोन संदेश पाहतो. गटावर मी आता एवढाच बदल केला आहे की, ज्या सूचनेला होकार आवश्यक आहे, तिच्याखाली 'कृपया शब्दांत कळवावे' असे लिहितो. पहिल्याच दिवशी एका विद्यार्थ्याने 'शब्दांत' एवढेच कळवले.

तर्रीवाली :
सर, तो मुलगा पुढे जाणार. स्पर्शरेषा ताई, एक विचारायचे होते. चिन्ह वाक्याच्या मध्ये आले तर जास्त त्रास होतो की शेवटी आले तर? मी दोन्ही करते.

स्पर्शरेषा :
मध्ये आले तर जास्त होतो, कारण क्रियापदाची वाट पाहत असताना कोमेजलेले फूल ऐकू येते. वाक्य पूर्ण करावे, मग जोडी ठेवावी, आणि एकदाच ठेवावी. बारा कवट्यांचा आनंद कळवायचाच असेल तर 'फार हसले' असे लिहून एक कवटी पुरते.

गिट्टीखदान_चौक :
फार हसलो. 💀